शुक्रवारची क्षमा

माझ्या थोरल्या नणंदेला सगळी शाळा बाणबाई म्हणते. ताईंना ते ठाऊक आहे. त्यांना राग तर येत नाहीच, उलट आतून गुदगुल्या होतात असा माझा संशय आहे. नाव पडलं ते फळ्यावरून. ताईंच्या तासाला फळ्यावर वाक्यं कमी आणि बाण जास्त. याच्यामुळे ते झालं, त्याच्यामुळे हे झालं आणि ह्याच्यामुळे फिरून पहिलंच झालं. तास संपल्यावर कुणी फळा पाहिला तर त्याला वाटावं, इथे आत्ताच लढाई होऊन गेली. बरं, हे वेड शाळेपुरतं म्हणावं तर तसंही नाही. आमच्याकडे जेवायला आल्या तरी टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून बाण काढतात. माझ्या नवऱ्याला, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला, लहानपणी त्यांनी सर्दीचे बाण काढून दाखवले होते. भिजलास म्हणून शिंकलास, शिंकलास म्हणून आई ओरडली, आई ओरडली म्हणून तू बाहेर पळालास, बाहेर पळालास म्हणून भिजलास. नवरा अजून सांगतो की त्यात औषधाचा बाण कुठेच नव्हता.

मी त्याच शाळेत शिवण शिकवते. मला टाका कळतो. टाका डोळ्यांना दिसतो आणि चुकला तर उसवता येतो. बाणांशी माझं फारसं जमत नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमची शाळा ख्रिस्ती. सकाळी प्रार्थना, जेवणाआधी प्रार्थना, सुटताना प्रार्थना, आणि मध्ये जमलं तर अभ्यास, असं माझा नवरा म्हणतो. पण त्याला विचारतंय कोण. वेळापत्रकात ताईंच्या तासाचं नाव नीतिशिक्षण असं आहे. दुसरं कुणी असतं तर त्या तासाला चांगल्या मुलांच्या चांगल्या गोष्टी सांगून मोकळं झालं असतं. ताई उभ्या राहतात, हात जोडतात आणि रोज एकच प्रार्थना करतात, "प्रभू, आम्हाला खरं तेच दिसू दे, आणि जे दिसेल ते सोसायचं बळ दे." मग म्हणतात, "आता डोळे उघडा. देवानं डोळे दिलेत ते नुसते मिटायला नाही."

हे त्यांच्यात उतरलं माझ्या सासऱ्यांकडून. सासरे पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. कामाला हात घालण्याआधी टोपी काढून दोन ओळींची प्रार्थना करायचे, आणि मग पंपाचा एकेक सांधा उघडून बघायचे. एका गिऱ्हाइकानं थट्टा केली, "काय हो, प्रार्थनेनं नट सैल होतो का?" सासरे म्हणाले, "नट नाही होत. माझी घाई सैल होते." ताई तेव्हा हातात पाना घेऊन शेजारी उभ्या होत्या. हा किस्सा त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलाय की आता त्यांनी सुरुवात केली की शेवट आम्हीच करतो.

त्यांच्या बाणांचा उपयोग होतो हे मात्र मान्य करायला हवं. एकदा पाचवीच्या वर्गात गोंगाट फार वाढला. शिक्षक थकले, शिक्षा करून झाल्या. ताईंनी मुलांनाच सांगितलं की घोडं कुठे पेंड खातंय ते तुम्हीच शोधा. मुलांनी शोधलं. वर्गात सगळ्यांत मोठा आवाज निघाला मॉनिटरचा, 'शांत बसा' म्हणून ओरडतानाचा! तो ओरडला की बाकीच्यांना त्याच्यावर आवाज चढवावा लागे, त्यांनी चढवला की तो आणखी ओरडे. मॉनिटर गप्प झाला आणि वर्गही गप्प झाला. इतके दिवस आम्ही सगळे शहाणे रोग रेड्याला आणि औषध पखालीला देत बसलो होतो.

पण प्रत्येक ठिकाणी बाण काढायचा नाही, हेही ताईंनाच कळतं. एका मुलीनं भर वर्गात विचारलं होतं, "आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली, तरी माझे आजोबा का गेले?" ताईंनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, "मला माहीत नाही गं. काही ठिकाणी बाण काढता येत नाही. तिथे नुसतं जवळ बसायचं असतं." आणि उरलेला तास त्या मुलीच्या बाकावर तिच्याशेजारी बसून राहिल्या. त्या दिवशी नणंद म्हणून नाही, माणूस म्हणून मला त्या फार आवडल्या.

आता शुक्रवारचं सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी शाळेत मारामाऱ्या फार वाढल्या होत्या. तेव्हा ताईंनीच सुचवलं की आठवड्याची भांडणं आठवड्यातच मिटवू. दर शुक्रवारी प्रार्थनेनंतर घंटा व्हायची. ज्यानं कुणाला दुखावलं असेल त्यानं स्टेजवर यायचं, ज्याला दुखावलं त्याला बोलावून घ्यायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, "मी चुकलो, मला क्षमा कर." समोरच्यानं म्हणायचं, "केली." मग दोघांनी हात मिळवायचे आणि सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवायच्या. बघणाऱ्याला रडू यायचं. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणतो, ते आधी चर्चमध्ये पाळक होते. ते तर दर शुक्रवारी चष्म्याखालून रुमाल फिरवायचे. बाहेरून पाहुणे आले की त्यांना मुद्दाम शुक्रवारीच बोलवायचे. मीही रडलेय, खोटं कशाला बोलू? आणि ताई सभागृहाच्या कडेला भिंतीला टेकून उभ्या असायच्या. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी दुसऱ्या कुठल्याच वेळी पाहिलं नाही. लग्न, मूलबाळ यातलं काही त्यांनी केलं नाही. त्यांचं बाळ म्हणजे तो शुक्रवार.

ही गोष्ट घडली तेव्हा माझी लेक सातवीत होती. घरी तिला आम्ही ठकी म्हणतो. नाकावर जाड भिंगांचा चष्मा. तो काढला तर तिला स्वतःचा बाकसुद्धा धड दिसत नाही. तिच्याच वर्गात एक दांडगा मुलगा होता. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण त्याला हळू बोलता येत नसे. गाण्याच्या सरांनी त्याला बजावलं होतं, "तू मागे उभा राहा आणि नुसते ओठ हलव." हा भोंगा मागून यायचा आणि ठकीच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घ्यायचा. मग चष्मा वर्गभर या हातातून त्या हातात फिरायचा. ठकी तशीच जागेवर बसून राहायची, चष्मा परत येईपर्यंत. यायचा तेव्हा भिंगांवर सगळ्या वर्गाची बोटं उमटलेली असायची.

शुक्रवारी भोंगा स्टेजवर जाऊन गडगडाटी आवाजात क्षमा मागायचा. ठकी "केली" म्हणायची. टाळ्या! पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मला हे कळायचं शुक्रवारी स्टेजवर, म्हणजे मिटतानाच. आणि मिटलेल्या भांडणाची चौकशी कोण करतं?

मग एका शुक्रवारी भोंग्यानं हात पुढे केला आणि ठकीनं आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नाही केली," ती म्हणाली.

मोठे सर तिच्याजवळ गेले, खाली वाकले आणि म्हणाले, "बाळ, असं नसतं म्हणायचं. त्यानं मनापासून मागितलीय." ठकी म्हणाली, "मला येत नाहीये, सर." आणि रडायला लागली.

त्यानंतर सरांनी मला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणते. बोलताना त्यांचाच आवाज कापत होता. म्हणाले, "पुढच्या शुक्रवारपर्यंत तिला वेळ देऊ. तोवर तिनं प्रार्थनेला पुढे उभं राहू नये. आणि तेव्हाही नाहीच जमलं, तर तिचं मन इथे रमत नाही असं समजू. मग दुसरी शाळा बघितलेली बरी. सगळी मुलं बघतायत हो. एकीनं नाही म्हटलं की उद्या सगळीच नाही म्हणतील."

मी मूग गिळून बाहेर आले. घरी ठकी भिंतीकडे तोंड करून बसली होती. जेवली नाही, गणित केलं नाही. खूप वेळानं म्हणाली, "आई, सगळ्यांना येते. मलाच का येत नाही? देवानं माझ्यात क्षमा घालायचीच राहिली का?"

बारा वर्षांच्या पोरीनं हे विचारावं! शाळा गेली खड्ड्यात, शाळा दुसरी मिळते. पण आपण घडतानाच नासलोय असं एकदा पोरीच्या मनानं घेतलं, तर ते काढायचं कुणी?

शनिवारी सकाळी मी थेट ताईंच्या घरी गेले. त्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. मी बसलेसुद्धा नाही.

"ताई, तुमच्या त्या शुक्रवारचं काहीतरी करा."

"माझ्या शुक्रवारचं?" त्यांनी सुरी थांबवली नाही. "त्यानं क्षमा मागितली. हिनं दिली असती तर विषय संपला असता."

"संपला असता? दर आठवड्याला संपतो आणि पुढच्या आठवड्यात नव्यानं सुरू होतो!"

"अगं, मुलं आहेत ती. क्षमा पुन्हा पुन्हाच करावी लागते. ती काय एकदाच टोचून घ्यायची लस आहे?"

माझं टाळकंच सरकलं. "वा! मॉनिटरच्या ओरडण्यावर बाण, नळापाशी होणाऱ्या चिखलावर बाण, माझ्या नवऱ्याच्या शिंकेवर बाण! सगळ्या जगावर बाण काढता, फक्त तुमचा शुक्रवार सोडून. तो काय आकाशातून पडलाय?"

सुरी थांबली. ताईंचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. कुणी आपल्या लेकराला नावं ठेवल्यावर आईचा होतो तसा झाला होता. हातातला बटाटा त्यांनी पाण्यात टाकला. मग हळूच म्हणाल्या, "तू जा आता."

मी गेले. आपलेच दात, आपलेच ओठ. घरी येईपर्यंत माझा राग निवला होता आणि त्याच्या जागी भीती बसली होती, की आता ही नणंद जन्मात माझ्याशी बोलणार नाही आणि ठकीच्या बाजूनं उभं राहणारं शाळेत कुणीच उरणार नाही.

सोमवारी ठकी वर्गात बसायला तयार होईना. मी तिला माझ्या शिवणवर्गात आणून बसवली आणि बटणांचा डबा तिच्यापुढे ठेवला, रंगांप्रमाणे वेगळी कर म्हणून. शिवणवर्ग आणि सातवीचा वर्ग यांच्यामध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत आहे. पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडे सुई चुकते. त्या तासाला माझ्याकडे मुली नव्हत्या. पलीकडून ताईंचा आवाज आला, रोजची प्रार्थना. "जे दिसेल ते सोसायचं..." इथे त्या अडखळल्या. मग पुढचे शब्द आले.

फळ्यावर खडू वाजला.

"मी मधोमध काय लिहिलंय?"

"शुक्रवार," वर्ग म्हणाला.

"हा शुक्रवार मी सुरू केला. देवानं नाही, मोठ्या सरांनी नाही. मी. तेव्हा यात चूक निघाली तर ती माझी. आज आपण शुक्रवारच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं ते बघू. माझी भीड धरायची नाही. बोला."

मला वाटलं, पोरं घाबरली. मग एक बारीक आवाज आला, "बाई, गुरुवारी सगळ्यात जास्त भांडणं होतात."

"का बरं?"

"दुसऱ्या दिवशी मिटणारच असतात ना. सोमवारी भांडलं तर शुक्रवारपर्यंत रुसून बसावं लागतं."

वर्ग हसला. खडू वाजला, म्हणजे एक बाण निघाला. त्यानंतर धरणाचं दार उघडल्यासारखी पोरं बोलायला लागली. एक मुलगी म्हणाली, "आम्ही दोघींनी तर एकदा खोटं खोटंच भांडण केलं होतं. स्टेजवर जायला मिळावं म्हणून."

"तुम्ही दोघी?" ताई म्हणाल्या. "अगं, तुम्हाला बघून मी रडले होते!"

"हो बाई. आम्ही पाहिलं."

यावर इतका हशा पिकला की अलीकडे मलाही तोंडावर कापड धरावं लागलं. ठकी मात्र हसली नाही. पांढरी बटणं एकीकडे, काळी एकीकडे, तिचं काम चालू होतं. मग आणखी एक आवाज आला, "ज्यानं मारलं त्याच्यासाठी टाळ्या वाजतात. ज्यानं मार खाल्ला त्याच्यासाठी कोण वाजवतं?" आणि हसणं थांबलं.

बाक सरकल्याचा आवाज झाला. मी फळीच्या फटीला डोळा लावला. भोंगा उठून फळ्याकडे चालला होता. फळ्यावर ताईंनी एका ओळीत लिहिलं होतं: भांडण, शुक्रवार, क्षमा, टाळ्या. मध्ये बाण. भोंग्यानं त्यांच्या हातातला खडू घेतला आणि टाळ्यांपासून एक बाण काढला. तो खाली नेला, फळ्याच्या कडेकडेनं फिरवला आणि पहिल्या शब्दाला, भांडणाला, नेऊन जोडला. बाण वाकडातिकडा होता, पण मध्ये कुठे तुटला नव्हता.

"असं आहे, बाई," तो म्हणाला. हळू म्हणाला. त्याला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"नीट सांग. कुणी हसणार नाही."

"गाण्यात मला ओठ हलवायला सांगतात. पळण्यात मी शेवटी येतो. फक्त शुक्रवारी सगळी शाळा माझ्यासाठी टाळ्या वाजवते. तेव्हा मी ठरवतो की आता परत नाही करायचं. खरंच ठरवतो. पण मग गुरुवार येतो आणि वाटतं, उद्या स्टेजवर जायला आपल्याकडे काहीच नाही." तो थांबला. "तिचा चष्मा पटकन निघतो. दुसऱ्या कुणाचं काहीच इतकं पटकन निघत नाही."

माझ्यामागे बटणांचा आवाज बंद झाला होता. वळून पाहिलं तर ठकी डबा मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत होती.

"आई," ती कुजबुजली, "त्याला माझा चष्मा नकोच होता."

"नव्हता गं."

"मला वाटायचं, मी त्याला आवडत नाही. मी काहीतरी केलंय म्हणून तो माझ्याच मागे लागतो. काय केलं असेल, काय केलं असेल, म्हणून मी सारखी आठवायचे." आणि तिचा चेहरा असा उलगडला, असा उलगडला, की मी तिला उराशी धरायला धावले. ती म्हणाली, "आई, बटणं सांडतील." सांडली. सांडू देत. माझा जीव भांड्यात पडला होता.

पण अजून निम्माच पडला होता, कारण पलीकडे मोठ्या सरांचा आवाज आला. ते दारात कधीपासून उभे होते कोण जाणे.

"बाई, हे काय चाललंय? मुलांना तुम्ही क्षमेवर शंका घ्यायला शिकवताय?"

"क्षमेवर नाही सर," ताई म्हणाल्या. "माझ्यावर."

"आज शुक्रवारवर बाण काढला. उद्या प्रार्थनेवर काढतील."

"काढू देत. जे खरं आहे ते बाणानं मरत नाही. आणि जे मरेल ते आपण देवाच्या नावावर कशाला चालवायचं?"

मोठे सर फळ्यासमोर आले आणि त्यांनी तो वाकडा बाण सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाचला. मग भोंग्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रागावतात. ते म्हणाले, "मी रडायचो, ते तू बघायचास का रे?"

"हो सर. तुम्ही रडलात की टाळ्या जास्त वाजायच्या."

सर मटकन समोरच्या रिकाम्या बाकावर बसले. तो ठकीचाच बाक होता. बसून म्हणाले, "म्हणजे एक बाण माझ्याकडूनही निघतो." आणि थोड्या वेळानं, "मग आता यातलं काय तोडायचं?"

यापुढचं सगळं पोरांनीच ठरवलं. स्टेज नको. घंटा नको. टाळ्या तर नकोतच. ज्यानं बिघडवलं त्यानं आधी होईल तेवढं नीट करायचं, मगच क्षमा मागायची. आणि द्यायची कधी, ते ज्याला दुखलंय त्यानं ठरवायचं. इथे सर अडून बसले. "आणि त्यानं दिलीच नाही तर?" ताई म्हणाल्या, "तर वाट बघायची सर. देव आपली किती बघतो!" सर म्हणाले, "मला विचार करू द्या." आणि उठून गेले.

आता आली का पंचाईत! सरांचा विचार म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत काही कळायचं नाही. त्या दिवशी मधल्या सुट्टीत ताई शिवणवर्गात आल्या. मी चाचरत म्हटलं, "ताई, शनिवारी मी जरा जास्तच बोलले." त्या म्हणाल्या, "जास्त नाही, उशिरा बोललीस." मग ठकीजवळ खाली बसल्या आणि सांडलेली बटणं तिच्याबरोबर वेचायला लागल्या. "ठके, मी तुला 'केली' म्हणायला लावत होते आणि तुला ती करायला वेळच देत नव्हते. मी चुकले." ठकी म्हणाली, "आत्या, शाळेत मी तुला बाई म्हणायचं ना?" त्या म्हणाल्या, "आत्ता आत्याच म्हण."

शुक्रवारी मी सभागृहात मागे उभी होते. प्रार्थना झाली. सगळी शाळा घंटेची वाट बघत होती. मोठे सर पुढे आले आणि म्हणाले, "आज घंटा होणार नाही. यापुढेही होणार नाही. क्षमा होईल. पण ती तुमची तुम्ही, तुमच्या वेळेला. कुणावर जबरदस्ती नाही, आणि नाही म्हटलं म्हणून कुणालाही कुठेही पाठवलं जाणार नाही." आणि त्यांनी ठकीला हातानं खूण करून तिच्या नेहमीच्या जागी, पहिल्या रांगेत, उभं राहायला सांगितलं.

मी डोळे पुसतेय तोवर पाहते तो ताई स्टेजच्या पायऱ्या चढताहेत! जाहीर चूक कबूल करायचा त्यांचा बेत होता, तो चेहऱ्यावरच लिहिलेला होता. त्यांनी घसा साफ केला, "मुलांनो, मला तुमची..." आणि मागच्या रांगेतून भोंग्याचा आवाज सभागृह हलवून गेला:

"बाई, स्टेजवर नाही!"

मग मोठे सरच आधी हसले, आणि त्यांच्यामागून सगळी शाळा. ताईंनी कपाळावर हात मारला आणि आल्या पायऱ्यांनी खाली उतरल्या. इतकं हसू त्या सभागृहानं कधी ऐकलं नसेल. हसताना मला जाणवलं, की आम्ही सगळेच कित्येक शुक्रवार अंग चोरून बसत होतो.

भोंग्यालाही ताईंनी वाऱ्यावर सोडलं नाही. म्हणाल्या, "बाण तोडला की तिथे भोक राहतं. ते बुजवलं नाही तर पाणी दुसरीकडून गळतं." सकाळी शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, उतारा वाचायचं काम त्यांनी त्याला दिलं. माईक नेहमी खरखरायचा. भोंग्याला माईक लागतच नाही. उतारा संपल्यावर आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत, पण शेवटच्या रांगेतलं बालवर्गाचं पोरसुद्धा कान देऊन ऐकतं. गाण्याचे सर हल्ली म्हणतात की आवाज तसा वाईट नाही. आता सुचलं त्यांना!

चष्मा पुन्हा कुणी काढला नाही. भोंग्यानं ठकीला एकदा विचारलं, "आता?" ती म्हणाली, "अजून नाही." तो म्हणाला, "बरं." ती हे मला जेवताना घास चावत, शांतपणे सांगत होती. तिला पुन्हा भूक लागायला लागली होती, गणितं सुटायला लागली होती आणि भिंतीकडे तोंड करून बसणं संपलं होतं. 'अजून नाही' म्हणूनही आकाश कोसळत नाही, हे तिला पुरेसं होतं आणि मलाही. मी पुन्हा विषय काढला नाही. जीभ शंभरदा वळवळली, पण नाही काढला.

असे बरेच दिवस गेले. मग एका मंगळवारी ती शाळेतून आली, दप्तर खुर्चीवर टाकलं आणि म्हणाली, "आई, आज केली."

"काय केली?"

"क्षमा. भोंग्याला."

"अगं, कशी काय? कुठे?"

"नळापाशी. तो पाणी पीत होता. मला एकदम वाटलं की झालीय. मग सांगून टाकलं."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. त्याच्या तोंडात पाणी होतं."

"आणि कोण कोण होतं तिथे?"

"कुणीच नाही."

माझे दोन्ही हात टाळी वाजवायला उचलले गेले होते. ते मी तसेच मांडीखाली दाबले आणि म्हटलं, "बरं. हात धू, जेवायला बस."